ड्रायव्हर लोकांनी तिकडं

"ए, ड्रायव्हर लोकांनी तिकडं बसायचं. हितं कस्टमर बसत्यात."

शोरूमच्या काचेच्या दाराला माझा हात लागलेला होता, तेवढ्यात हे वाक्य आलं. म्हणणारा वॉचमन होता. निळा शर्ट, हातात वही. त्यानं मान वर करून माझ्याकडं पाहिलंही नाही. पेनाच्या टोकानं पत्र्याची शेड दाखवली. शेडमध्ये सिमेंटचे दोन बाक, एक रांजण आणि रांजणाला साखळीनं बांधलेला पेला. काचेच्या आत गार हवा, सोफे, कॉफीचं मशीन.

मी दार ढकलून आत जायला हवं होतं. गाडी माझी. आरसी बुकावर नाव माझं. हप्ता कापला जातो तो माझ्या पगारातून. जिल्हा परिषदेच्या शाळेत चौदा वर्षं मी मास्तर आहे. पोरांना सांगतो, ताठ उभं राहा, मोठ्यानं बोला. आणि मी तोंडातून ब्र न काढता वळलो, शेडमध्ये जाऊन बसलो.

हे आधीच सांगून टाकतो. पुढं जे झालं ते त्या पंधरा-वीस पावलांमुळं झालं. ती पावलं कुणी ढकलून टाकायला लावली नाहीत. माझी मीच टाकली.

माझ्याबरोबर अण्णा होते, माझे वडील. पंचाहत्तरीचे. गुडघे गेलेले, एका डोळ्यात मोतीबिंदू. मी गाडीचं मागचं दार उघडून त्यांना हाताला धरून उतरवलं होतं, ते वॉचमननं पाहिलं होतं. म्हातारा मागं, चालवणारा पुढं. त्याचा हिशोब झाला. खेड्यातून पेशंट घेऊन आलेली भाड्याची गाडी.

अण्णा शेडमध्ये निवांत बसले. त्यांना कसलंच नवल वाटलं नाही. आयुष्यभर ते अशाच शेडमध्ये बसले. त्यांनी चंची काढली आणि मला म्हणाले, "बस की. उभा का?"

थोड्या वेळानं सर्व्हिस ॲडव्हायजर आला. पंचविशीचा, गळ्यात टाय, हातात जॉबकार्ड. जॉबकार्ड म्हणजे गाडी दुरुस्तीला घेताना भरतात तो कागद. बाकी गिऱ्हाईकांना तो आत सोफ्यावर बसवून विचारत होता, हे मला काचेतून दिसत होतं. माझ्याकडं आला तो उभ्या उभ्याच.

"मालकाचं नाव?"

मी माझं पूर्ण नाव सांगितलं. आडनाव ऐकून त्याचं पेन जरासं थांबलं. की मलाच तसं वाटलं? आमच्याकडची माणसं आडनाव सांगून झालं की समोरच्याचं तोंड बघतात. ही सवय आम्ही लावून घेतलेली नाही, लागलेली आहे.

"आणि तुझं?"

"तेच."

त्यानं ऐकलं नाही. किंवा ऐकून सोडून दिलं. "म्हाताऱ्याला कुठून आणलं?"

"शेवगावकडून."

"दवाखान्यात?"

"हो. डोळ्याच्या." ते खरंच होतं. गाडी टाकून आम्ही पुढं डोळ्याच्या डॉक्टरकडं जाणार होतो.

त्यानं भराभरा काहीतरी लिहिलं. मग कागद पुढं धरला, खाली बोट ठेवलं. "इथं सही कर."

मी केली. न वाचता. चौथीच्या पोरांना मी दरवर्षी सांगतो की वाचल्याशिवाय कशावर सही करू नका, बँकेत नाही, सोसायटीत नाही. पोरं हो म्हणतात. मास्तर स्वतः बोट ठेवलं तिथं सही करून मोकळा.

आता गाडीचं दुखणं सांगतो.

गाडी बिनक्लचची. म्हणजे क्लच आतल्या आत आपोआप दबतो, गिअर आपोआप पडतात, डाव्या पायाला काम नाही. बायकोलाही चालवता यावी म्हणून मुद्दाम तशी घेतली. वॉरंटी तीन वर्षांची. दहाव्या महिन्यात गाडीनं पहिला हिसका दिला. पहिल्या गिअरवरून दुसऱ्यावर जाताना अंगात आल्यासारखी थरथरायची. मग एके दिवशी नगरला येताना करंजीच्या घाटात, ऐन चढावर, गिअरच सुटला. इंजिन ओरडतंय आणि गाडी मागं घरंगळतेय. मागं उसाचा ट्रक. मी ब्रेकवर उभा राहिलो. मागच्या सीटवरचे अण्णा, गुडघे गेलेले अण्णा, दार उघडून कधी उतरले ते मला कळलंच नाही. त्यांनी रस्त्याकडेचा धोंडा उचलून मागच्या चाकाला लावला आणि ट्रकवाल्याला हात केला.

अडतीस वर्षं त्यांनी गाडी चालवली. एका बागाईतदाराची. आधी जीप, मग मोठी गाडी. गावात त्यांना नावानं कुणी ओळखत नव्हतं, मालकाचा डायव्हर म्हणायचे. गाडीत चढताना ते वहाणा बाहेर काढून पायाशी पेपरात गुंडाळून ठेवायचे. मालक, मालकीण, मालकाचे पाहुणे, पाहुण्यांचं कुत्रं, सगळे मागच्या सीटवर बसले. अण्णा कधीच नाही.

एकदा त्यांना ताप चढला होता. शुद्ध हरपली होती. मी तेव्हा सातवीत. मालकानं मोठ्या मनानं दवाखान्यात न्यायला जीप दिली, दुसऱ्या कुणाला तरी चालवायला बसवलं, स्वतः पुढं बसला. अण्णांना मागं टाकलं, पार मागं, फवारणीचा पंप आणि पेंडीची पोती ठेवायचे तिथं. मी त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसलो होतो. मधली सीट शेवगावपर्यंत रिकामी होती. तिच्यावर मालकाचा टॉवेल तेवढा पडलेला होता. त्या रिकाम्या सीटकडं मी सगळा रस्ताभर बघत होतो, आणि मला काहीच वावगं वाटलं नाही. तेच आठवून आज माझं रक्त तापतं.

म्हणून मी गाडी घेतली तेव्हा अण्णांना विचारलं, चालवता का? ते म्हणाले, "न्हाई. मी मागं बसतो." मागं, डाव्या कोपऱ्यात, काच खाली करून. दर वेळी तिथंच. माझ्या शेजारी पुढं बसायला त्यांनी कधी मागितलं नाही. मीही कधी म्हटलं नाही.

हेच मागं बसणं पुढं आमच्या अंगाशी येणार होतं.

पहिल्या खेपेला गाडी दोन दिवस ठेवून घेतली. "सॉफ्टवेअर अपडेट केलंय," म्हणाले. आठ दिवसांत पुन्हा तेच. दुसऱ्या खेपेला ऑइल बदललं म्हणाले. तिसऱ्या खेपेला म्हणाले, "गाडी सेट व्हायला वेळ लागतो." दर वेळी गाडी धुऊन द्यायचे. चकचकीत. टायरला काळं पॉलिश. अण्णा गाडीभोवती फिरायचे, चाकाजवळ वाकायचे, नाकानं हुंगायचे.

"धुत्यात लई," ते म्हणाले. "खोलत न्हाईत."

माझ्याही मनात पाल चुकचुकायला लागली होती. एकदा संशय शिरला की सगळंच वेगळं दिसतं. ॲडव्हायजर हसला की वाटायचं, का हसला? फोन उचलला नाही तर वाटायचं, मुद्दाम. उचलला तर वाटायचं, शेजारी मॅनेजर बसून ऐकतोय. बायको म्हणायची, तुम्ही झोपेतसुद्धा गिअर टाकता.

चौथ्या खेपेला गाडी न्यायच्या आदल्या दिवशी अण्णांनी मला बॉनेट उघडायला लावलं. हातात बायकोची नेलपॉलिशची बाटली. गुलाबी.

"आमी परक्या ग्यारेजला गाडी टाकायच्या आदी रंगाचा ठिपका द्यायचो," ते म्हणाले. "आर्दा बोल्टावर, आर्दा भाईर. पाना लागला का ठिपका मोडतो. मग त्यानं किती बी शपता खाऊ द्यात."

एका डोळ्यानं त्यांना नीट दिसत नव्हतं. ते बोट ठेवून जागा दाखवत गेले, मी ठिपके देत गेलो. गिअरबॉक्स इंजिनाला जिथं बसवलेला असतो, तिथले वरून हाताला लागणारे चार बोल्ट. हे काढल्याशिवाय गिअरबॉक्स खाली उतरत नाही. मी मोबाईलवर फोटो काढले, कारण मास्तर माणूस, पुरावा ठेवायची खोड.

या खेपेला त्यांनी गाडी नऊ दिवस ठेवून घेतली. मग फोन आला, या.

मी आणि अण्णा एसटीनं गेलो. वॉचमन तोच. या वेळी मी काउंटरपर्यंत गेलो, पण सोफ्यावर बसलो नाही. ॲडव्हायजरनं मॅनेजरला बोलावलं. मॅनेजर चाळिशीचा, गोरापान, आवाज मऊ. त्यानं कागद वाचून दाखवला.

"गिअरबॉक्स उतरवून पूर्ण तपासणी केली. क्लचप्लेट जळालेली आहे. कारण, ड्रायव्हर क्लचवर पाय ठेवून गाडी चालवतो. ही चालवणाऱ्याची चूक, वॉरंटीत बसत नाही."

अण्णा माझ्या मागं उभे होते. त्यांनी विचारलं, "क्लच कुटं हाय?"

"काय?"

"गाडीला क्लचचा पायच न्हाई. मग त्यावर पाय ठिवायचा कसा?"

काउंटरवरची एक मुलगी हसली आणि तिनं लगेच मान खाली घातली. मॅनेजरनं कागदाकडं पाहिलं, ॲडव्हायजरकडं पाहिलं. दुसऱ्या कुठल्या तरी गाडीसाठी लिहिलेली वाक्यं जशीच्या तशी उचलून आमच्या कागदावर चिकटवली होती. आमच्यासाठी नवं खोटं लिहायचे कष्टसुद्धा कुणी घेतले नव्हते.

मला वाटलं, आता तो ओशाळेल. तो ओशाळला नाही. त्यानं फाईल उघडून पहिलं जॉबकार्ड पुढं सरकवलं.

"मुद्दा तो नाहीच," तो म्हणाला. "ही गाडी भाड्यानं चालते. खासगी पासिंगच्या गाडीत पॅसेंजर नेता. वॉरंटी त्याच दिवशी संपली."

मी कागद पाहिला. गाडी कोणी आणली, या ओळीपुढं दोन चौकोन. मालक. ड्रायव्हर. खूण ड्रायव्हरपुढं. शेऱ्यात लिहिलेलं, 'पॅसेंजर मागे. शेवगाव ते नगर दवाखाना.' खाली माझी सही. वळणदार, मास्तरची.

शेड आठवली, रांजण आठवला. मी गप्प बसून जे गिळलं होतं ते यांनी कागदावर उतरवून ठेवलं होतं, आणि आता माझ्याच सहीनिशी माझ्यापुढं टाकलं होतं.

"मी ड्रायव्हर नाही," मी ओरडलो. "मी मालक आहे. शिक्षक आहे मी. ड्रायव्हर वाटलो काय तुम्हाला?"

आख्खं शोरूम वळून बघायला लागलं. माझा आवाज फाटला होता. आणि अण्णा माझ्याकडं बघत होते. त्यांच्या चांगल्या डोळ्यानं, सरळ.

"का रं," ते हळूच म्हणाले, "डायव्हर म्हंजी शिवी हाय व्हय?"

त्या दिवशी माझ्या जिव्हारी लागलेलं वाक्य ते. वॉचमनचं नाही, मॅनेजरचं नाही. ज्याच्या ड्रायव्हरकीवर मी शिकलो, डी.एड. झालो, त्याच्यासमोर मी तो शब्द अंगावरची घाण झटकावी तसा झटकत होतो. मालकाची नजर माझ्यात कधी शिरली? त्या जीपमधल्या रिकाम्या सीटकडं बघताना शिरली असेल. मला स्वतःची किळस आली. ती अजून पुरती गेलेली नाही.

मी आवाज खाली आणला. म्हणालो, "बरं. ड्रायव्हर लिहिलंय, राहू द्या. मी ड्रायव्हरचा मुलगा आहे. हे ड्रायव्हर. अडतीस वर्षं. आता गाडी दाखवा."

गाडी मागं उभी होती. धुतलेली. मी बॉनेट उघडलं. अण्णांनी डोकं आत घातलं, बोटानं चाचपलं. एक. दोन. तीन. चार. चारही ठिपके जागच्या जागी. अर्धे बोल्टवर, अर्धे बाहेर. कुठं केसाएवढी चीर नाही.

"गिअरबॉक्स उतरवला म्हणता?" मी मॅनेजरला विचारलं.

"हो. क्लचप्लेटचा फोटो आहे आमच्याकडं."

"मग हे बोल्ट न काढता कसा उतरवला?"

मी त्याला नेलपॉलिश दाखवलं. मोबाईलवर आधीचे फोटो दाखवले. कामाला आलेला एक मेकॅनिक जवळ येऊन वाकला, त्यानं ठिपके पाहिले, आणि पाना खिशात घालून निघून गेला. ॲडव्हायजर दुसऱ्याच गाडीकडं बघायला लागला. मी विचारलं, "फोटोतली प्लेट कुणाची?" मी पुन्हा विचारलं. मग मॅनेजर म्हणाला, "सर, आपण केबिनमध्ये बसू."

आता मी सर झालो होतो.

केबिनमध्ये चहा आला. कपबशीतून. अण्णांनाही खुर्ची मिळाली. मॅनेजर फार गोड बोलत होता आणि तो जितका गोड बोलत होता तितका मी सावध होत होतो. निम्मा खर्च आम्ही सोसतो म्हणाला. मग म्हणाला, पूर्णच फुकट करून देतो, खास तुमच्यासाठी. दोन दिवसांत गाडी. फक्त एका पत्रावर सही.

पत्र टाईप केलेलं तयारच होतं. इतकं तयार की माझ्या आधी ते किती जणांपुढं सरकवलं असेल, असं मनात आलं. या वेळी मी वाचलं. सावकाश, एकेक ओळ. 'सदर बिघाड वाहनचालकाच्या चुकीच्या हाताळणीमुळे झालेला असून कंपनीने केवळ सद्भावनेपोटी...'

मी पत्र परत सरकवलं. "ही ओळ खोडा. गिअरबॉक्स न उघडता उघडला म्हणून लिहिलं, ते मान्य करा. पहिलं जॉबकार्ड दुरुस्त करा. मालक म्हणून."

त्याच्या चेहऱ्यावरचा मऊपणा गेला. तो म्हणाला, "तुम्हा लोकांना ना, हल्ली सगळं कायद्यानंच हवं असतं. फुकट देतोय तर घ्या ना."

तुम्हा लोकांना. मी त्याला विचारलं, "कुठल्या लोकांना?"

तो म्हणाला, "कस्टमर लोकांना." पण हे म्हणायला त्याला उशीर लागला.

मी उठलो. चहा तसाच होता. अण्णांनी मात्र त्यांचा संपवला, बशीसुद्धा. बाहेर पडताना म्हणाले, "च्या चांगला हुता."

गाडी तशीच, पहिल्या-दुसऱ्या गिअरवर आचके देत घरी आणली. घाटात अण्णा धोंडा पायाशी घेऊन बसले होते.

ग्राहक आयोगात मी तक्रार टाकली. वकील केला नाही, मीच लिहिली, मास्तरच्या अक्षरात. शोरूमवाल्यांचं उत्तर आलंय. पहिल्याच परिच्छेदात लिहिलंय, 'तक्रारदार हा वाहनाचा चालक असल्याचे त्याच्याच सहीवरून दिसते.' शाळेतले सहकारी म्हणतात, कशाला डोक्याला ताप, सही करून मोकळं व्हायचं होतं. त्यांचं खोटं आहे असं नाही. तिसगावचा ओळखीचा मेकॅनिकही म्हणतो, मास्तर, आणा गाडी, दोन दिवसांत पळती करून देतो. पण त्यानं बोल्टला पाना लावला की ठिपके मोडणार. फोटो आमच्याकडं आहेत, पण फोटो कसाही काढता येतो म्हणणारे तेच लोक आहेत, ज्यांनी दुसऱ्याच्या जळक्या प्लेटचा फोटो मला दाखवला.

म्हणून गाडी दारात उभी आहे, ताडपत्रीखाली. बायको शिकायची राहिली. अण्णांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं ते एसटीनं जाऊन. परतीच्या गाडीत गर्दी होती, डोळ्यावर पट्टी बांधलेले अण्णा तिसगावपर्यंत दांडा धरून उभे होते. मला ते सहन झालं नाही. दुसऱ्या दिवशी मी ताडपत्री काढली आणि म्हणालो, "अण्णा, जाऊ द्या. तिसगावला नेतो, करून घेतो. तुम्हाला मागं बसायचंय ना?"

ते उठून आले. बॉनेटवर हात ठेवला.

"मला लई बसायचंय," म्हणाले. "पर ठिपका मोडू नगं."

मी ताडपत्री पुन्हा बांधली.

पुढच्या तारखेला मी जाणार आहे. त्याच्या पुढच्याही. आयोगाचा माणूस येईल, समोर उभा राहील, आणि त्याच्यादेखत ते चार बोल्ट निघतील. तोवर या गाडीला कुणाचा पाना लागणार नाही. निकाल काय लागेल ते मला माहीत नाही, आणि चांगलाच लागेल असा माझा भरवसाही नाही. पण त्या पहिल्या कागदावरची चुकीची खूण मी खोडायला लावीन, आणि मालकापुढच्या चौकोनात नवी खूण माझ्या हातानं करीन. चालक कोण, असं कुणी विचारलं तर त्या ओळीत अण्णांचं पूर्ण नाव लिहीन. आडनावासकट. आणि लिहून झाल्यावर या वेळी समोरच्याचं तोंड बघणार नाही.